रविवार हौसाकडे

"बाई, दाखला पायजे."

मी मान वर केली. ऑफिसच्या दारात एक उंच माणूस उभा होता. लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडी, वहाणा बाहेर काढून ठेवलेल्या. आणि 'बाई' म्हणजे मी. वय वर्षं सोळा, अंगावर आईची निळी इरकल. ती ठिकठिकाणी पिना टोचून इतकी पक्की बसवली होती की मला श्वाससुद्धा बेतानं घ्यावा लागत होता.

शिक्षक दिन होता. आमच्या कुरणवाडीच्या शाळेत त्या दिवशी दहावीची मुलं शिक्षक व्हायची आणि खरे शिक्षक खालच्या वर्गांत जाऊन बाकावर बसायचे. मुख्याध्यापक कोणी व्हायचं यावर आमच्या वर्गात आठवडाभर भांडणं चालली होती. शेवटी मला चष्मा आहे आणि माझा आवाज मोठा आहे, एवढ्या भांडवलावर खुर्ची माझ्याकडे आली. शिपाई झालेल्या बाळूनं खरं तर त्या माणसाला बाहेरच अडवायला हवं होतं. पण त्याला घंटा वाजवायला मिळाली होती, त्यामुळे तो कामातून गेला होता.

"कोणाचा दाखला?" मी आवाज जड करून विचारलं. मला भारी गंमत वाटत होती.

"पोरीचा. हौसा बिरा कोळेकर. धाव्वीत हाय."

गंमत तिथंच संपली. हौसा माझ्या वर्गातली. गणितात तिला कोणी गाठू शकत नव्हतं आणि खो-खोमध्येही नाही. त्या वेळी ती समोरच्या खोलीत पाचवीला अपूर्णांक शिकवत होती, तिचा आवाज ऑफिसात ऐकू येत होता.

मी त्यांना खुर्ची दाखवली. ते खुर्चीवर न बसता दाराशीच खाली उकिडवे बसले.

"आता मधेच दाखला कशाला?"

"माजी आई गेली श्रावणात. ती हुती म्हनून पोरगी हितं ऱ्हात हुती. दिवाळी झाली की आमी नवराबायकू मेंढरं घिऊन कोकनात उतरतो, ते पावसाच्या तोंडाला माघारी. जाणती पोर येकटी घरात कशी ठिवायची बाई? तुमीच सांगा."

खरं तर तेव्हाच मी सांगायला हवं होतं, की काका, मी सुनीती, शेट्यांच्या दुकानातली, तुमच्या हौसाच्या शेजारच्या बाकावर बसते. वर्षातले आठ महिने ते गावाबाहेर असत, मला ओळखणार कुठून? पण ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते, जसं तोवर माझ्याकडे कोणीच बघितलं नव्हतं. मी जे बोलेन ते होणार, असं त्यांना खरोखर वाटत होतं. ते बघून मलाही तसंच वाटायला लागलं.

"दाखला मिळणार नाही," मी म्हणाले.

"का वो?"

"दहावीचं वर्ष आहे. हुशार मुलगी आहे. शाळेतून काढायची नाही."

"खरं हाय. पर ती ऱ्हानार कुटं? खानार काय?"

"ते शाळा बघेल."

"शाळा म्हंजी कोन?"

हा प्रश्न मला अजिबात अपेक्षित नव्हता. "मी बघीन," मी म्हणाले.

त्यांनी हात जोडले. "तुमी म्हन्ता तर काय बोलनार." असं म्हणून ते उठले. बाहेर पडल्यावर पाचवीच्या खिडकीशी थबकले. आत हौसा हातात खडू घेऊन कुणाला तरी दरडावत होती. ते थोडा वेळ ऐकत उभे राहिले आणि मग निघून गेले.

मी पदर सावरत धावत सुटले ती सातवीच्या वर्गात. आमचे खरे मुख्याध्यापक कणसे सर शेवटच्या बाकावर मुलांच्या मधे दाटीवाटीनं बसले होते.

"सर, एक घोटाळा झालाय."

"बाई, मी सातवीतला विद्यार्थी," सर उभे राहून म्हणाले. "मला कारभारातलं काय कळतंय?"

सगळा वर्ग खो खो हसला. मला मात्र रडू यायचं बाकी होतं. शाळा सुटल्यावर सर स्वतःच्या खुर्चीवर येऊन बसले तेव्हा मी सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते टेबलावर बोटं वाजवत बसले.

"त्या माणसाला आता मी काय सांगू? आमच्या पोरीनं तुमची चेष्टा केली म्हणून?"

"चेष्टा नाही केली सर. मी मनापासून बोलले."

"मग मनापासून निस्तरा. आपल्याकडे वसतिगृह नाही, तुम्हाला माहीत आहे." मग ते म्हणाले, "मी साताऱ्याला वार लावून शिकलो. बघा तसं काही जमतं का."

वार लावणं म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, त्यांनीच सांगितलं. पूर्वी गरीब मुलं शहरात शिकायला जात, तेव्हा आठवड्यातले दिवस घरांना वाटून देत. सोमवारी एकाकडे जेवायचं, मंगळवारी दुसऱ्याकडे. कुणालाच भार होत नसे आणि मुलगा शिकून निघे.

मला तर ही कल्पना इतकी आवडली की त्याच संध्याकाळी मी घरं गोळा करायला निघाले. सोमवार आमचा. मंगळवार उज्ज्वला पाटीलचा. बुधवार शिंप्याच्या कांताचा. गुरुवार माधवी कुलकर्णीचा. शुक्रवार, शनिवारही लागले, रविवार तेवढा राहिला. रात्रीचं जेवण आणि झोपणं त्या त्या घरी, मुलगी एकटी राहायला नको. आया लगेच हो म्हणाल्या. "अगं, एका पोरीचं काय एवढं, चार घास," असं प्रत्येक घरात ऐकायला मिळालं. मी हवेत होते. हौसाला विचारायचं मात्र राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या टाकीमागे तिनं मला गाठलं.

"माज्या जेवनासाटी तू गावभर दारं वाजवत हिंडलीस?"

"दारं कसली वाजवली? वार लावले. सरसुद्धा..."

"सर जेवले आसतील. मी कुणाच्या उंबऱ्यावर ताट घिऊन बसनार न्हाई. मेंढरामागं जाईन, पर ह्ये न्हाई."

मी समजावायला गेले तर ती सरळ निघून गेली. मग बरेच दिवस ती माझ्याशी बोलली नाही. खो-खोच्या सरावाला माझ्या पाठीत खो घालायची तोही असा, की मी पुढं कोलमडायचे. मला तिचा राग आला होता. एवढं करून वर हिचाच तोरा, असं मी कांताला बोलूनही दाखवलं.

सहामाही संपली त्या दिवशी ती आपणहून आली. आम्ही सहाही जणी पारावर बसलो होतो.

"येका अटीवर," ती म्हणाली. "सा दिस मी तुमच्याकडं. आयतवार माजा. दुपारी तुमी समद्या माज्याकडं. मी रांधनार, तुमी जेवनार. जिच्याकडं मी जेवायचं, तिनं माज्याकडं जेवायचं. जमतंय का बोला."

"एवढंच ना?" आम्ही सगळ्या एकदमच म्हणालो. त्यात अवघड काय आहे ते आमच्यातल्या एकीच्याही लक्षात आलं नाही.

दिवाळी झाली. मी दुकानात गल्ल्यापाशी बसले होते, दोन वेण्या आणि परकर घालून गूळ फोडत. मेंढरं निघायची म्हणून बिरा कोळेकर मीठ, चहापूड, काड्यापेट्या न्यायला आले. माझ्याकडे बघितलं, परत बघितलं.

"बाई?"

माझे वडील, आप्पा, इकडे तिकडे बघायला लागले, कोण बाई आल्या म्हणून. लपायला जागा नव्हती. मी सगळं खरं सांगून टाकलं. ते तांदळाच्या पोत्यावर बसले.

"म्हंजी तुमी बाई न्हाईच."

"नाही."

"मंग शबुद कुनाचा धरायचा?"

"माझाच. सगळी घरं ठरलीत, काका."

त्यांनी आप्पांकडे बघितलं. "शेटे, तुमास्नी ठावं हाय ह्ये?"

"सोमवार आमचा आहे," आप्पा म्हणाले आणि मिठाची पिशवी बांधायला लागले.

हौसाचे वडील पोत्यावरून उठले. मग मला म्हणाले, "हौसीचं मन हाय, म्हनून ठिवतो. शेळी बी ठिवतो तिच्याजवळ. पर ध्यानात ठिवा. पोर उपाशी ऱ्हायली आसं वाटंवरच्या कुनाकडनं बी कानावर आलं, तर मी आसंल तिथनं माघारी यीन अन् तिला घिऊन जाईन."

पहिला आठवडा झकास गेला. त्या वर्षी आमच्या वर्गानं तालुक्यात नाव काढलं. खो-खोची ढाल आली, विज्ञान प्रदर्शनात आमची पवनचक्की पहिली आली, संमेलनाचं नाटक बसत होतं. हौसा आज इथं, उद्या तिथं राहत होती. प्रत्येक घरी जेवणानंतर ती गणितं घ्यायची, त्यामुळे आम्हा सगळ्यांचीच गणितं सुधारली. मग पहिला रविवार आला.

सकाळीच आईनं माझ्या हातात डबा ठेवला. "हौसाकडे जातेयस ना? तिथं बसून हा खा. तिलाही दे त्यातलं."

"आई, ती रांधणार आहे."

"असू दे. आपल्यात चालत नाही सुने. त्यांच्या भांड्यांत मटण शिजतं." आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नसे. आईचा आवाज दुष्ट नव्हता. ठरलेली गोष्ट सांगावी तसं ती सांगत होती.

मी डबा घेऊन निघाले आणि दुकानातल्या पेंडीच्या पोत्यामागं तो ठेवून दिला.

हौसाचं घर गावाबाहेर ओढ्याच्या पलीकडे होतं. अंगण शेणानं सारवलेलं. घरातली चूल सोडून तिनं अंगणात तीन दगडांची वेगळी चूल मांडली होती, तीवर कुंभाराकडचं नवं मडकं. "ह्यात कायबी शिजल्यालं न्हाई," ती मला म्हणाली. "तुला अन् माधवीला चालंल." हुलग्याची उसळ केली होती, भाकरीची चळत टोपलीत झाकून ठेवली होती, शेळीच्या दुधाचं दही लावलं होतं.

आम्ही वाट बघत बसलो. कांता आली. बाकी कोणी आलं नाही.

उज्ज्वलाकडे पाहुणे आले होते. माधवीचं पोट बिघडलं होतं. आणखी एकीला उशीर झाला, एकीला घरून काम लागलं. आमच्या गावात जात तोंडावर कोणी काढत नसे. पोट बिघडायचं, पाहुणे यायचे. हौसानं कांताला आणि मला वाढलं, स्वतः जेवली, उरलेल्या भाकरी कुस्करून शेळीपुढं ठेवल्या. मी बडबड करत राहिले, कारण गप्प बसवत नव्हतं.

सोमवारी ती आमच्याकडे आली. मंगळवारी पाटलांकडे गेलीच नाही. बुधवारी कांताकडे जेवली. गुरुवारी पुन्हा आपल्या घरी, कडी लावून एकटीच.

"अगं उज्ज्वलाची आई जेवण झाकून बसली होती," मी म्हणाले.

"बसंना. ती माज्याकडं आली न्हाई, मी तिच्याकडं जानार न्हाई. ठरलं हुतं."

"तुझ्या वडलांना कळलं तर नेतील तुला."

"नेऊ देत."

पुढच्या रविवारीही आम्ही दोघीच होतो. ओढ्याच्या वाटेनं मेंढपाळांची ये-जा असायची. आज ना उद्या कोणीतरी कोकणात जाऊन सांगणार, तुझी पोर रातच्याला एकटीच असते म्हणून. मी उज्ज्वलाशी भांडले. ती रडायला लागली. "मी काय करू? आई म्हणती, पाटलाच्या पोरीनं मेंढक्याच्या दारात जेवायला बसायचं का? तिला घालतोय की आपण." खरंच, हौसाला घालायला कोणाचीच ना नव्हती.

त्या संध्याकाळी आईला पेंडीच्या पोत्यामागं डबा सापडला. दुसऱ्या रविवारचाही मी तिथंच ठेवला होता. तिनं तो माझ्यापुढं आणून ठेवला.

"मग जेवलीस काय?"

"भाकरी. हुलग्याची उसळ. दही."

"कुठल्या भांड्यातलं?"

माझा तोल सुटला. "तिनं आपल्यासाठी नवं मडकं आणलंय. अंगणात वेगळी चूल मांडलीय. सगळ्यांना पुरेल एवढं रांधून वाट बघत बसते आणि मग शेळीला घालते. तुम्ही सगळ्या मोठ्या मनाच्या, तिला जेवायला घालताय! तिच्या हातचं खायला मात्र..." मी मोठ्यानं रडायला लागले.

आई डबा उचलून आत गेली. मला वाटलं, आता आप्पांच्या कानावर जाणार आणि माझं रविवारचं जाणं बंद होणार.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी हौसाला घेऊन तिच्या घरी शेळीची धार काढायला गेले, तर ओढ्याच्या वाटेनं आई येताना दिसली. डोक्यावर पदर, हातात वाटी. या बाजूला तिला मी कधीच बघितलं नव्हतं. अंगणाच्या कडेला येऊन ती थांबली.

"हौसा, विरजण देतेस का गं जरा? थंडीनं आमचं दही बिघडलंय. तार सुटलीय बघ नुसती."

आमचं दही अजिबात बिघडलं नव्हतं. दुपारीच मी वाटीभर खाल्लं होतं. आईचं दही गावात नावाजलेलं, थंडीच्या दिवसांत शेजारपाजारच्या बायका विरजणाला आमच्याकडेच यायच्या. हौसा माझ्याकडे बघायला लागली. मी शेळीकडे बघायला लागले.

"शेळीचं हाय मावशी," हौसा म्हणाली.

"मग काय झालं? दे."

हौसानं आतून मडकं आणलं आणि आईच्या वाटीत दही घातलं. आई तिथंच अंगणात टेकली. वाटीत बोट घालून चाटलं. "छान लागलंय. आंबट नाही झालं." मग वाटी पदराखाली धरून आली तशी गेली. विरजण असं पदराआड नेतात.

त्या आठवड्यात कडाक्याची थंडी होती. उज्ज्वलाच्या आईनं गड्याला विरजणाला पाठवलं, आईनं दिलं. माधवीची आई स्वतः आली, तिलाही दिलं. आणखी दोघी येऊन घेऊन गेल्या. आई प्रत्येकीला भरभरून देत होती आणि गालात हसत होती. मला काही उमजत नव्हतं.

शनिवारी बाजार, दुकानात गर्दी. पाटलीणबाई, माधवीची आई, दोघीही उभ्या होत्या.

"दही अगदी वडी पडावी असं लागलं हो," पाटलीणबाई आईला म्हणाल्या. "घरातले सगळे दोन दोन वाट्या खातायत."

"लागणारच," आई साखर जोखता जोखता म्हणाली. "हौसाच्या घरचं विरजण ते. मी स्वतः आणलं तिच्याकडनं. तिच्या हाताला गुण आहे."

माधवीच्या आईनं तोंडाला पदर लावला.

"अहो, सांगायचं नाही का आधी?" पाटलीणबाई म्हणाल्या.

"सांगायचं काय त्यात? आठवडाभर तिचंच खातोय आपण सगळे. कोणाचं पोट बिघडलं का?" आईनं पुडी बांधून पुढं ढकलली. "उद्या रविवार आहे. पोरींना वेळेवर पाठवा. ती बिचारी रांधून बसते."

पाटलीणबाई पुडी घेऊन तरातरा निघून गेल्या. पुढच्या गिऱ्हाइकाची साखर आईनं दोनदा जोखली, हे फक्त मला दिसलं. एवढ्या बायकांसमोर असं बोलण्याची तिचीही ती पहिलीच वेळ असावी.

रविवारी उज्ज्वला आली. माधवी आली. बाकीच्याही आल्या. कोणी सबब सांगितली नाही आणि कोणी माफीही मागितली नाही. हौसाच्या घरी तेवढ्या ताटल्या नव्हत्या, म्हणून आम्ही दोघी दोघी एका ताटलीत जेवलो. माधवीनं मडक्याचा तळ खरवडून उसळ खाल्ली. हौसा वाढता वाढता मधेच उठून घरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते. धूर गेला म्हणाली. चूल अंगणात होती.

दहावी झाली. कोकणातून हौसाचे वडील आले ते पावसाच्या तोंडालाच, ठरल्याप्रमाणे. तोवर निकाल लागून हौसा शाळेत पहिली आली होती. त्याआधी निरोप समारंभात कणसे सरांनी आमच्या वर्गाच्या कामगिरीची भली मोठी यादी वाचली. ढाल, पवनचक्की, नाटक, सगळं आलं तिच्यात. दह्याचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

पण मला त्या वर्षातला आठवतो तो त्या रविवारनंतरचा सोमवार. आमच्या घरी पंगत बसली होती. तोवर हौसा आमच्याकडे खाली मान घालून जेवायची. वाढलेलं तेवढंच खायची, दुसऱ्यांदा कधीच काही मागायची नाही. आई आग्रह करायची, ती ताटावर हात आडवा धरायची. त्या दिवशी आई वाढून वळली तोच मागून आवाज आला.

"मावशी, आमटी आनखी वाढा की. अन् मीठ कमी झालंय आज."

आई थबकली. आप्पांनी मान वर केली. आमच्या घरात आईच्या आमटीला नाव ठेवायची माझी कधी हिंमत झाली नव्हती.

"झालंय खरं," आई म्हणाली आणि मीठ आणायला आत पळाली.